वेंगुर्ले : गावाची जमीन आणि गावाची माणसे

परगावी गेलो की कोणीतरी विचारतेच, "पाव्हणं, गाव कोणतं?" आपण नाव सांगतो. मग तो विचारतो, "कुठं आलं ते?" आपण तालुका सांगतो, नदी सांगतो, जवळच्या बाजाराचे गाव सांगतो. पुढे तो विचारतो, "वस्ती किती आहे?" इथे मात्र आपण अडखळतो. "असेल की चार-पाच हजार," असे म्हणून वेळ मारून नेतो.

हे तीन प्रश्न साधेच आहेत. पण त्यांची उत्तरे नीट देता आली, तर आपले गाव आपल्याला कळले असे म्हणता येईल. गाव कुठे आहे? त्याची जमीन आणि पाणी कसे आहे? तिथे माणसे किती आणि ती काय करून जगतात? आज आपण एका लहान गावाला हेच प्रश्न विचारू या. त्या गावाचे नाव वेंगुर्ले. कोणी त्याला वेंगुर्लाही म्हणतात.

वेंगुर्ले का निवडले, ते आधी सांगतो. आपल्या देशात माणसे वाढत आहेत हे आपण रोज ऐकतो. पण ह्या गावात माणसे वाढलेली नाहीत. असे का झाले, हे ह्या धड्यात आपल्याला शोधायचे आहे.

गाव कुठे आहे?

महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी खालच्या टोकाला समुद्रकाठी बोट ठेवा. तो सिंधुदुर्ग जिल्हा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग वेगळा काढून हा जिल्हा केला. त्यात आठ तालुके आहेत. त्यांतला एक तालुका वेंगुर्ल्याचा.

आता मनाने वेंगुर्ल्याच्या बंदरावर चला. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. समोर अरबी समुद्र आहे. उजव्या हाताला उत्तर. तिकडे कर्ली नदीची खाडी लागते आणि खाडीपलीकडे मालवण तालुका. डाव्या हाताला दक्षिण. तिकडे मोचेमाड, आरवली, शिरोडे, रेडी ही गावे लागतात. पुढे तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा आले. पाठीमागे पूर्व. तिकडे कुडाळ आणि सावंतवाडी. त्यांच्याही मागे सह्याद्रीचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे.

समोर समुद्र आणि मागे डोंगर. मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. ह्या पट्टीलाच आपण कोकण म्हणतो.

समुद्रातही थोडे दूर पाहा. किनाऱ्यापासून काही मैलांवर खडकांची लहान-लहान बेटे आहेत. खलाशी त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. रात्री गलबते त्या खडकांवर आपटू नयेत म्हणून तिथे दीपगृह बांधले आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात.

जमीन आणि पाणी

वेंगुर्ल्याची माती तांबडी आहे. तिथला दगडही तांबडा. त्याला जांभा म्हणतात. जांभ्यात लोखंडाचा अंश असतो, म्हणून त्याला तो रंग. खाणीतून काढताना जांभा नरम असतो. त्याचे चौकोनी चिरे कापता येतात. वारा आणि ऊन लागले की तो कठीण होतो. कोकणातली घरे, कुंपणाचे गडगे आणि विहिरी ह्या चिऱ्यांच्याच बांधलेल्या दिसतात. तालुक्यातल्या रेडी गावात तर लोखंडाच्या खाणी आहेत.

डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचे सपाट कातळ असतात. त्यांना सडा म्हणतात. सड्यावर माती पातळ, म्हणून तिथे पीक कमी. उतारावर वरकस जमीन. तिथे पूर्वी नाचणी, वरी पिकत असे. आता काजू आणि आंब्याची कलमे दिसतात. खाली सखल भागात भाताचे मळे. घराभोवती माड आणि पोफळी. खाडीच्या कडेला खाजण. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे बांध घालावा लागतो.

आता पावसाची गोष्ट. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. देशावरच्या दुष्काळी तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. म्हणजे त्याच्या सहापट पाऊस इथे पडतो. मग इथे पाण्याची चिंता नसेल, असे आपल्याला वाटेल. पण तसे नाही. चैत्र-वैशाखात इथल्या कित्येक वाड्यांत विहिरी तळ गाठतात.

याचे कारण जमिनीतच आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झरझर पाझरते. उतार मोठा आणि समुद्र जवळ. आषाढात डोंगरावर पडलेले पाणी ओढ्यांतून खाली येते आणि बघता बघता समुद्राला मिळते. पाऊस पुष्कळ पडतो, पण पाणी ठरत नाही. ज्या गावांनी ओढ्यांवर बंधारे घातले, तळी राखली, त्यांना उन्हाळा सुसह्य होतो. वेंगुर्ले शहराला निशाण तलावाचे पाणी मिळते.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गावात पाऊस किती पडतो एवढेच विचारून भागत नाही. पडलेले पाणी कुठे जाते, हेही विचारावे लागते.

माणसे काय करून जगतात?

समुद्रकाठच्या माणसाचे शेत म्हणजे समुद्र. इथले गाबीत बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. रापण ही त्यांची जुनी रीत. लांबलचक जाळे होडीतून समुद्रात टाकून त्याला वेढा देतात. मग जाळ्याची दोन्ही टोके धरून बरीच माणसे ते किनाऱ्यावर ओढतात. सापडलेली मासळी वाटून घेतात. रापण एकट्यादुकट्याचे काम नाही. तिला माणसांचे बळ लागते. आता यंत्राच्या होड्या आल्या, मोठी जाळी आली. मोठ्या जाळ्यांमुळे किनाऱ्याजवळची मासळी कमी होते, अशी रापणवाल्यांची तक्रार असते. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी सरकार बंद ठेवते. ह्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि मासळी अंडी घालते.

दुसरा धंदा फळझाडांचा. काजूचे झाड मूळचे आपले नव्हे. ते ब्राझील देशातून पोर्तुगीज लोकांनी सोळाव्या शतकात इकडे आणले. आज ते कोकणचेच होऊन गेले आहे. वेंगुर्ल्याला १९५७ साली फळांवर संशोधन करणारे केंद्र निघाले. पुढे ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आले. चांगल्या काजूची कलमे तिथे तयार झाली. त्या जातींना गावाचेच नाव दिले आहे : वेंगुर्ला १, वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ आणि आणखी काही. रत्ना आणि सिंधू ह्या आंब्याच्या जातीही इथेच निपजल्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना झाली. १९९० साली सरकारने रोजगार हमीतून फळबागा लावण्याची योजना सुरू केली. त्यानंतर कोकणातल्या पुष्कळ उजाड उतारांवर कलमे उभी राहिली.

काजू फोडून गर काढण्याचे कारखाने गावात आहेत. तिथे बहुतेक बायका काम करतात. नारळाच्या सोडणापासून काथ्या काढतात, दोर वळतात. त्यातही बायकांचाच हात जास्त. शिरोड्याला मिठागरे आहेत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याचे नाव देशभर गाजले. प्रसिद्ध लेखक वि. स. खांडेकर ह्याच शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिक्षक होते.

म्हणजे समुद्र आहे, माड आहेत, काजू आहे, आंबा आहे, मीठ आहे. मग माणसे का वाढली नाहीत? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बंदराचे दिवस

वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्या वेळी डच लोकांनी इथे वखार घातली. वखार म्हणजे व्यापारी माल साठवण्याची मोठी कोठी. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले.

त्या काळी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून घाट उतरून खाली येई. बेळगावकडचा माल वेंगुर्ल्याला येऊन गलबतात चढे. मुंबईचा माल इथे उतरून वर जाई. एकोणिसाव्या शतकात आंबोली घाटाचा गाडीरस्ता झाला, तेव्हा ही ये-जा आणखी सोपी झाली. बंदर होते म्हणून पेठ भरली. हमाल, गाडीवान, तांडेल, व्यापारी, अडत्ये अशा सर्वांना काम मिळाले. इंग्रजी अमलातच, एकोणिसाव्या शतकात, इथे नगरपालिका आली.

मग वाट बदलली. देशावर आगगाडी आली. १८८८ च्या सुमारास गोव्याचे मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलखाशी जोडले गेले. बैलगाडीने घाट उतरायचा, मग गलबत पकडायचे, हे कोण करील? माल आगगाडीने जाऊ लागला. वेंगुर्ल्याच्या बंदराचा व्यापार उतरणीला लागला.

त्याच काळात मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या. गिरण्यांना माणसे हवी होती. कोकणात शेते लहान, पीक पावसाळ्यापुरते. घरात भाऊ चार आणि जमीन चार गुंठे. म्हणून तरुण माणसे आगबोटीत बसून मुंबईला जाऊ लागली. ज्या बंदरातून एकेकाळी माल बाहेर जात होता, त्याच बंदरातून आता माणसे बाहेर जाऊ लागली. मुंबईत नोकरी करणाऱ्या ह्या कोकणी माणसाला गावात चाकरमानी म्हणतात. त्याची मनीऑर्डर आली की घरात मीठमिरची येई.

पुढे त्या बोटीही बंद पडल्या. मुंबईहून गोव्याकडे जाणारा मोठा रस्ता कुडाळ-सावंतवाडीकडून गेला. १९९८ साली कोकण रेल्वे सबंध सुरू झाली, तीही त्याच बाजूने. आज वेंगुर्ल्याच्या माणसाला आगगाडी धरायची तर पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन कुडाळ किंवा सावंतवाडी रोड स्टेशन गाठावे लागते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तालुक्यातल्या चिपी-परुळे इथे विमानतळ सुरू झाला. पण विमान म्हणजे रोजच्या बाजारहाटाची वाट नव्हे.

जमीन तीच राहिली. समुद्रही तोच. पण माल आणि माणसे जाण्याची वाट बदलली. त्याबरोबर गावाचे नशीबही बदलले.

माणसे मोजतात कशी?

गावात माणसे किती, हे अंदाजाने सांगून चालत नाही. मोजावे लागते. सबंध देशातली माणसे मोजण्याच्या कामाला जनगणना म्हणतात. जुनी माणसे तिला खानेसुमारी म्हणत. १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. मधे एकदाही खंड पडला नाही. २०२१ ची जनगणना मात्र झाली नाही. तेव्हा कोरोनाची साथ होती. पुढच्या जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ ही तारीख ठरवली आहे. म्हणून ह्या धड्यात आम्ही जे आकडे देतो आहोत, ते २०११ पर्यंतचे आहेत.

मोजणी अशी होते. आधी घरांची यादी करतात. मग मोजणीदार घरोघर जातो. बहुतेक वेळा तो शाळेतला शिक्षकच असतो. तो विचारतो : घरात माणसे किती? बायका किती, पुरुष किती? वय काय? लिहिता-वाचता येते का? काम काय करता? २०११ साली हे काम ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत चालले.

ह्यात एक नियम महत्त्वाचा आहे. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याला मोजतात. त्याचे मूळ घर कुठे, जमीन कुठे, कुलदैवत कुठे, हे पाहत नाहीत. म्हणून वेंगुर्ल्याचा चाकरमानी मुंबईच्या यादीत जातो. त्याचे मन गावात असेल, पण आकडा मुंबईचा वाढतो.

आकडे काय सांगतात?

आता आकडे सावकाश वाचा. घाई करू नका.

वेंगुर्ले शहर, १९०१ साली : सुमारे १९ हजार माणसे
वेंगुर्ले शहर, २००१ साली : १२,४७१ माणसे
वेंगुर्ले शहर, २०११ साली : १२,३९२ माणसे

सिंधुदुर्ग जिल्हा, २००१ साली : ८,६८,८२५ माणसे
सिंधुदुर्ग जिल्हा, २०११ साली : ८,४९,६५१ माणसे

महाराष्ट्र राज्य, २००१ साली : ९,६८,७८,६२७ माणसे
महाराष्ट्र राज्य, २०११ साली : ११,२३,७४,३३३ माणसे

ह्या आकड्यांवरून काय दिसते ते पाहू. दहा वर्षांत महाराष्ट्रात जिथे शंभर माणसे होती, तिथे एकशे सोळा झाली. सिंधुदुर्गात मात्र शंभराची अठ्ठ्याण्णव झाली. जिल्ह्यात १९,१७४ माणसे कमी भरली. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातही असेच घडले. त्या दहा वर्षांत राज्यातल्या तीनच जिल्ह्यांत माणसे घटली : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर.

आता १९०१ चा आकडा पाहा. वेंगुर्ल्यात तेव्हा सुमारे एकोणीस हजार माणसे होती. इथे सावध राहायला हवे. दोन सालांचे आकडे ताडून पाहताना गावाची हद्द तीच आहे का, हे आधी विचारावे. शंभर वर्षांत हद्दी हलतात. एखादी वाडी आत येते, एखादी बाहेर जाते. म्हणून इतकी हजार माणसे घटली, असे काट्यावर तोलून सांगू नये. पण गाव वाढले नाही, एवढे उघड आहे. त्याच काळात सबंध भारताची वस्ती सुमारे २४ कोटींवरून १२१ कोटींवर गेली. म्हणजे पाचपट झाली.

वेंगुर्ल्यात माणसे जन्मली नाहीत का? जन्मली. पण ती मोठी होऊन दुसरीकडे गेली.

बायका जास्त का?

आणखी एक आकडा पाहा. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ बायका होत्या. सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या. रत्नागिरीत तर १,१२२.

ह्या आकड्यामागे घरोघरची कहाणी आहे. कमावता पुरुष मुंबईला गेला. मागे सासू, सून आणि मुले राहिली. भात लावले तिने, कापले तिने. गाय-वासरू पाहिले तिने. सासऱ्याचे औषधपाणी केले तिने. तलाठ्याकडे हेलपाटे घातले तिनेच. सातबाऱ्यावर मात्र बहुधा पुरुषांची नावे. मनीऑर्डरीचे पत्र आले की ते वाचून घ्यायला पूर्वी तिला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. आता तसे राहिले नाही. २०११ साली सिंधुदुर्गात सात वर्षांवरच्या दर शंभर माणसांत सुमारे ८५ जणांना लिहिता-वाचता येत होते.

२००१ साली ह्याच जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०७९ बायका होत्या. दहा वर्षांत हा आकडा १,०३६ वर आला. याचा एक अर्थ असा होऊ शकतो, की पूर्वी एकटा पुरुष जात असे, आता बायकोमुलांसह सगळे बिऱ्हाडच हलते. पूर्वी घर चालू राहत असे. आता दाराला कुलूप लागते.

चतुर्थीचे गाव

भाद्रपदात गणेशचतुर्थी आली की वेंगुर्ल्याचे रूप पालटते. मुंबईच्या गाड्या भरभरून येतात. बंद घरे उघडतात. जळमटे निघतात, अंगण सारवले जाते. माटोळी सजते, आरत्या होतात. एका घरात वीस-वीस माणसे जेवतात. त्या दिवशी मोजणी केली तर गाव कितीतरी मोठे भरेल.

पण मोजणी फेब्रुवारीत होते. तेव्हा आंब्याला मोहोर असतो आणि घरात दोन म्हातारी माणसे असतात. अशा वेळी एखाद्या आजीला विचारा, "आजी, घरात किती माणसं?" ती मालवणी बोलीत म्हणेल, "घर मोठा आसा रे, पण माणसां खंय आसत?"

दुसरीकडे, काही नवी माणसे गावात येतातही. कोकणातल्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसे दिसतात. बांधकामावर परप्रांतातले मजूर दिसतात. आपला मुलगा बाहेर जातो आणि बाहेरचा मुलगा आपल्या बागेत येतो. त्यालाही पोट आहे. तोही कुठल्यातरी गावाचा चाकरमानीच आहे.

मोजणीचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, "माणसं मोजून पोट भरतं का?" प्रश्न बरोबर आहे. पण पोटाचा आणि मोजणीचा संबंध आहे. तो असा.

ग्रामपंचायतीत सदस्य किती असावेत, हे लोकसंख्येवरून ठरते. लहान गावाला सात, मोठ्या गावाला सतरापर्यंत. आरोग्य उपकेंद्र साधारण पाच हजार वस्तीला एक. डोंगराळ भागात तीन हजारांना एक. २०१३ साली अन्न सुरक्षेचा कायदा झाला. स्वस्त धान्य किती माणसांना द्यायचे, हे २०११ च्या मोजणीवरून ठरवले. शाळेत मास्तर किती द्यायचे, हे पटावरच्या मुलांवरून ठरते. मुले कमी झाली की मास्तर कमी होतात. मास्तर कमी झाले की आईबाप मुलांना दुसरीकडे घालतात. मग पट आणखी उतरतो. कोकणातल्या वाडीवस्तीच्या शाळांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे.

म्हणून मोजणीदार दारी आला की खरी माहिती सांगावी. तान्हे मूल, म्हातारी आई, घरकाम करणारी लेक, कोणालाही वगळू नये. शेतात राबणाऱ्या बाईचे काम विचारले तर "काही नाही, घरीच असते," असे म्हणू नये. ती शेती करते, असेच सांगावे. ही माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कायद्याने घातले आहे. तिच्यावरून कर बसवत नाहीत, की कोर्टात ती पुरावा म्हणून चालत नाही.

माणसे कमी आहेत म्हणून वेंगुर्ले रडत बसलेले नाही, हेही सांगायला हवे. घरे मोजकी असली की प्रत्येक दारापर्यंत पोचता येते. वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेने घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. जिथे कचऱ्याचे ढीग पडत, ती जागा पाहायला आता दुसऱ्या गावांचे लोक येतात. मोठ्या शहरांना जे जमले नाही, ते बारा हजारांच्या गावाने करून दाखवले. काजूवर गावातच चांगली प्रक्रिया झाली, समुद्रकाठी येणाऱ्या पाहुण्यांची नीट सोय झाली, तर काही मुले गावात राहतील. किती राहिली, ते पुढची मोजणी सांगेल.

आता आपले गाव

वेंगुर्ल्याचे झाले. आता आपल्या गावाकडे वळू. पाच-सहा जणांनी मिळून एक वही करावी. तिच्यात पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. गावाच्या चारी दिशांना काय आहे? नदी, डोंगर, रस्ता, शेजारची गावे.
२. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? विहिरी कोणत्या महिन्यात आटतात?
३. आपल्या वाडीत घरे किती? त्यांतली कुलूपबंद किती?
४. घरात राहणारी माणसे किती? नोकरीसाठी बाहेर गेलेली किती? कुठे गेली?
५. शाळेच्या पटावर दहा वर्षांपूर्वी मुले किती होती? आज किती आहेत?

जनगणनेतला आपल्या गावाचा आकडा ग्रामसेवकाकडे किंवा तलाठ्याकडे विचारता येतो. तो आकडा आणि आपल्या वहीतला आकडा शेजारी शेजारी लिहा. फरक दिसला तर तो का, याचा विचार करा. मग ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. "आमच्या वाडीत माणसे बरीच आहेत हो," असे नुसते म्हटले तर कोणी ऐकत नाही. "आमच्या वाडीत बेचाळीस घरे, एकशे एकाहत्तर माणसे आणि विहीर एकच," असे वाचून दाखवले तर ऐकावे लागते.

शब्दांचे अर्थ

सडा : डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ
वरकस : उताराची हलकी जमीन
खाजण : खाडीकाठची खारी जमीन
सच्छिद्र : बारीक भोके असलेला
तांडेल : होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या
माटोळी : गणपतीच्या डोक्यावर फळे-फुले बांधून केलेली सजावट
पट : शाळेत नाव घातलेल्या मुलांची संख्या

प्रश्न

१. वेंगुर्ल्यात पाऊस पुष्कळ पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी का आटतात?
२. बंदराचा व्यापार कशामुळे कमी झाला?
३. मुंबईत राहणारा चाकरमानी कोणत्या गावाच्या मोजणीत येतो? का?
४. सिंधुदुर्गात पुरुषांपेक्षा बायका जास्त भरल्या. याचे कारण तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या गावातून माणसे बाहेर जातात की बाहेरची येतात? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चार ओळी लिहा.